तेवीस नंबरची ओ

हजेरीमास्तरांनी आयुष्यात एकच गोष्ट मन लावून केली, ती म्हणजे माणसं मोजली. प्रवास कंपनीत ते टूर मॅनेजर होते, पण तो शब्द फक्त त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर. त्यांच्याबरोबर परदेश पाहून आलेली माणसं त्यांना हजेरीमास्तरच म्हणत. सत्तावीस वर्षांत त्यांनी किती गट विमानात घालून नेले आणि परत आणले याची गणती नाही, पण एकही माणूस कुठे मागे राहिला नव्हता. कंपनीचे मालक नव्या मॅनेजरांना सांगायचे, "बॅगा हरवतील, पासपोर्ट हरवतील, पण मास्तरांचा माणूस हरवणार नाही." मास्तर शेजारी उभे राहून "अहो, काहीतरीच काय" म्हणत, पण चेहरा खुललेला असे. माणसाला कशाचा तरी गर्व असतोच, यांना या गोष्टीचा होता.

त्यांची पद्धत साधी होती. विमानतळावरच प्रत्येकाला एक नंबर द्यायचा. बसमध्ये बसलं की मास्तर पुढे उभे राहून नंबर पुकारणार आणि ज्याचा त्यानं "ओ" द्यायची. हजर, येस वगैरे चालायचं नाही. "आईनं घरातून हाक मारली की काय म्हणत होतात? तेच म्हणा," असं ते पहिल्या दिवशी सांगत, आणि बँकेतून निवृत्त झालेले साहेबलोक लहान मुलांसारखे ओ द्यायला लागत. दोन नियम मात्र पक्के होते. ओ आल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही आणि नुसता आवाज ऐकायचा नाही, डोकंही बघायचं. त्यासाठी मास्तर नंबर पुकारत पुकारत बसच्या शेवटच्या रांगेपर्यंत चालत जात आणि परत येत.

हे चालत जाणं तीनेक वर्षांपूर्वी बंद पडलं. गुडघे. बसमधल्या त्या अरुंद वाटेवर तिरकं होऊन चालायला लागलं की उजव्या गुडघ्यातून कळ यायची. मग ते पुढच्या दांड्याला धरून तिथूनच नंबर घ्यायला लागले. कान तयार झालेले होते. कोणाचा आवाज कसा, कोण कुठून बोलतं, हे दोन दिवसांत पाठ व्हायचं. डोकी बघायचा नियम ते नव्या मॅनेजरांना अजून शिकवत होते, स्वतः पाळत नव्हते. असं आपल्यापैकी कितीजणांचं असतं.

मास्तरांची दुसरी ख्याती त्यांच्या गोष्टींची. लोक परदेशात जाऊन बघतात काय, तर इमारती. इमारतीसमोर उभं राहून फोटो काढला की ती बघून झाली. मास्तर अशा माणसांना इतिहासात खेचून आणत. एका गावातल्या चौकातलं घड्याळ सात मिनिटं मागे ठेवलेलं असे. का, तर फाशी गेलेल्या एका माणसाचं माफीपत्र घेऊन येणारा स्वार सात मिनिटं उशिरा पोचला, आणि गावानं शरमेनं घड्याळच मागे केलं. एका नदीवरच्या पुलाखाली दगडात कोरलेला बाक होता. पूल खुला झाला त्या दिवशी बांधणाऱ्याला बायकोमुलांसकट त्या बाकावर बसवून वरून चाळीस भरलेल्या गाड्या नेल्या होत्या. लोक आ वासून ऐकत. यातलं किती खरं आणि किती मास्तरांचं, हे कोणी विचारत नसे आणि मास्तरही सांगत नसत. थोडं मीठ घालावंच लागतं, हे त्यांचं स्पष्ट मत होतं.

त्यांची हुकमी गोष्ट होती दगडाच्या खाणीची. दूरच्या एका देशात, डोंगराच्या पोटात, जुनी खाण आहे. दोनेकशे वर्षांपूर्वी तिचा तुरुंग केला होता. रोज सकाळी शिपाई खाणीच्या तोंडाशी उभा राहून कैद्यांचे नंबर पुकारायचा. आतून उत्तर आलं की त्या नंबराचा एक पाव आत जायचा. शिपाई आत कधी उतरत नसे, आतली घाण आणि थंडी त्याला नको असायची. शेवटच्या कोठडीत दोघं होते. त्यातला एक थंडीनं मेला. दुसऱ्यानं ते कोणाला सांगितलं नाही. सकाळी मेलेल्याचा नंबर पुकारला की तो आवाज बदलून उत्तर द्यायचा आणि दोन पाव घ्यायचा. रोज भिंतीवर एक रेघ मारायचा. "अशा एकोणीस रेघा," मास्तर आवाज खाली आणत, "एकोणीस दिवस सरकारदरबारी एक मेलेला माणूस हजर होता!" त्यावर एखादा हमखास म्हणायचा, "आमच्या ऑफिसात अजून आहेत," आणि बसभर हशा पिकायचा.

हे एकोणीस कुठून आले? मास्तरांना ही गोष्ट पूर्वी तिथल्या एका म्हाताऱ्या राखणदारानं सांगितली होती, तो म्हणाला होता पंधरा-वीस. मास्तरांनी एकोणीस केले. त्यामागे त्यांचा हिशोब होता. वीस म्हटलं की लोकांना थाप वाटते, एकोणीस म्हटलं की इतिहास वाटतो. रेघा त्यांनी स्वतः कधी मोजल्या नव्हत्या. माणसं मोजणाऱ्या या गृहस्थाला सत्तावीस वर्षांत भिंतीवरच्या रेघा मोजाव्याशा वाटल्या नाहीत.

त्या वर्षीच्या शेवटच्या गटात चौतीस माणसं होती. बावीस नंबर काकूंचा आणि तेवीस नंबर काकांचा. काका पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. खिशात कायम एक छोटी वही आणि टोक केलेली पेन्सिल. बसमधल्यांनी त्यांचं नाव ठेवलं वहीवाले काका. मास्तरांनी घंटाघराला तीनशे पायऱ्या म्हटलं की काका वर जाऊन येत, वहीत बघत आणि सांगत, "तीनशे अकरा." खवचटपणा अजिबात नाही. रस्ता चुकणाऱ्याला रस्ता सांगावा तसं सांगत. मास्तरांना या माणसाचा मनातून राग येई, आणि थोड्या वेळानं त्याच्याशिवाय चैनही पडत नसे. इतकी वर्षं गोष्टी सांगितल्यावर ऐकणारा एक माणूस भेटला होता, बाकीचे नुसते हसणारे.

काका कानानं जड होते. यंत्र होतं, ते काकूंच्या पर्समध्ये असायचं, कारण घातलं की शिट्टी वाजते म्हणून काका काढून टाकत. पासपोर्ट, गोळ्या, खोलीची किल्ली, सगळं त्या पर्समध्ये. काकूंना घाटात मळमळायचं म्हणून त्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत. काकांना मोठी खिडकी हवी म्हणून ते शेवटच्या रांगेत, एकटे. पहिले दोन दिवस मास्तर "तेवीस" म्हणून तीन-तीनदा ओरडले, काका खिडकीबाहेर बघत राहिले, बस हसली. काकू ओशाळल्या. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी "बावीस" म्हटल्यावर काकूंनी ओ दिली आणि "तेवीस" म्हटल्यावरही त्यांनीच दिली. मास्तर म्हणाले, "काकू, काकांची ओ काकांना देऊ द्या की."

"अहो, ते आहेत मागे. मी बघितलंय," काकू म्हणाल्या. "त्यांना कशाला ओरडायला लावता?"

मास्तरांनी मान हलवली आणि चोवीस घेतला. त्यानंतर रोज तसंच चालू राहिलं.

खाणीचा दिवस दहावा. हंगामाचाही तो शेवटचा दिवस होता, दुसऱ्या दिवसापासून खाण थंडीसाठी तीन महिने बंद होणार होती. दुपारी तीनलाच आभाळ इतकं खाली आलं होतं की ड्रायव्हर दोनदा घड्याळ दाखवून गेला. पलीकडे जायचा घाट बर्फ पडलं की बंद करतात. खाणीच्या तोंडाशी राखणदार प्रत्येकाला पितळेचा एक बिल्ला देतो, तो गळ्यात घालून आत जायचं आणि बाहेर येताना परत करायचा, असा तिथला नियम आहे. म्हातारी माणसं बिल्ले हरवतात, मग शोधाशोध, उशीर. म्हणून मास्तर गेली कित्येक वर्षं सगळे बिल्ले एका कडीत ओवून स्वतःच्या पट्ट्याला लावत आणि बाहेर आल्यावर अख्खी कडी राखणदाराच्या हातात ठेवत. राखणदारही ओळखीचा झाला होता, तो मोजत नसे. मास्तरांचा माणूस हरवत नाही, ही कीर्ती तिथपर्यंत पोचलेली होती.

आत गोष्ट रंगली. शेवटच्या कोठडीत मास्तरांनी विजेरीचा झोत भिंतीवर टाकला, आवाज खाली आणला आणि एकोणीस म्हटलं. हशा झाला. सगळे बाहेर आले, कोणी स्वच्छतागृहाकडे गेलं, कोणी गरम कॉफी घ्यायला. तेवढ्यात काका मास्तरांपाशी आले आणि चारचौघांत, जड कानाच्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मास्तर, मला सतरा दिसल्या."

आठ-दहा जणांनी माना वळवल्या. मास्तरांनी दिवसभर गुडघा ओढत चढउतार केला होता, पाठीमागे ड्रायव्हरची कुरकुर होती, आणि ही त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट होती. ते म्हणाले, "काका, चष्मा पुसा!"

लोक खो खो हसले. काकाही हसले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा घातला. मास्तरांना ते नंतर फार वेळा आठवलं, कारण त्यांनी काकांना पाहिलं ते तिथे शेवटचं.

पुढचं सगळं पाऊण तासात झालं. बर्फाचे बारीक कण पडायला लागले. मास्तरांनी कडी राखणदाराकडे दिली. राखणदारानं नियमाप्रमाणे खाणीच्या तोंडाशी उभं राहून आत तीन हाका मारल्या, उत्तर आलं नाही, त्यानं दिवे घालवले, लोखंडी दार ओढून कुलूप लावलं आणि मोटारसायकलवर बसून खाली गावात गेला. बसमध्ये मास्तरांनी दांडा धरून हजेरी घेतली. एकवीस, ओ. बावीस, ओ. तेवीस, ओ. चोवीस, ओ. काकूंनी मळमळीची गोळी घेतली, शाल डोक्यावरून ओढली आणि बस घाटाला लागायच्या आत झोपल्या. मागच्या रांगेच्या पुढे बसलेल्यांना वाटलं, काका आज बायकोजवळ पुढे बसले असतील.

चार तासांनी हॉटेलात किल्ल्या वाटताना काकू म्हणाल्या, "यांना बोलवा हो, बसमध्येच झोपलेत वाटतं." ड्रायव्हर बसमध्ये जाऊन आला. मग मास्तर स्वतः गेले. गुडघ्याची पर्वा न करता शेवटच्या रांगेपर्यंत गेले, सीटखाली वाकून बघितलं, वरचे कप्पे उघडून बघितले. कप्प्यात माणूस कसा असेल? पण त्यांनी बघितलं. परत येताना त्यांना सगळं समजलं होतं. खाणीत कोण आहे, कुठल्या कोठडीत आहे आणि तिथे काय करायला गेला आहे, तेसुद्धा.

घाट तोवर बंद झाला होता. फोन झाले, पोलीस झाले, खालच्या गावातून राखणदाराला उठवलं, तो बिचारा निघालाही, पण वर जायचा रस्ताच राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ काढणारं यंत्र पुढे घालून माणसं वर गेली. काका शेवटच्या कोठडीत भिंतीला टेकून बसलेले सापडले. अंगात स्वेटर होता, कोट बसमध्ये होता.

चौकशी त्याच्या दुसऱ्या दिवशी खालच्या गावातल्या एका सरकारी कचेरीत झाली. लांब बोळ, भिंतीला लावलेली लाकडी बाकं, आणि त्यातल्या एका बाकावर काकू. मुलगा विमानात होता, संध्याकाळपर्यंत पोचणार होता. काकू रडत नव्हत्या. पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मास्तर आत जायला निघाले तशी त्यांनी हाक मारली.

"मास्तर, परवा मी त्यांची ओ दिली होती ना?"

मास्तर थांबले. आत अधिकाऱ्यासमोर सांगायचं त्यांनी रात्रभर जुळवून ठेवलं होतं, आणि ते खरंच होतं. हजेरी घेतली, तेविसाला उत्तर आलं. आवाज कोणाचा, ते बसमधल्या तेहेतीस माणसांना ठाऊक होतं, विचारलं असतं तर सांगितलं असतं.

"नाही काकू," ते म्हणाले. "परवा हजेरीच झाली नाही. बर्फाची घाई होती. मी घेतलीच नाही."

काकूंनी पर्समधून काकांचं कानाचं यंत्र काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं.

आत जाऊन मास्तरांना तेच सांगावं लागलं. बाहेर एक आणि आत एक असं करता येण्यासारखं नव्हतं. हजेरी घेतली नाही, बिल्ले नियम मोडून एकत्र ठेवले, माणसं डोळ्यांनी मोजली नाहीत. अधिकाऱ्यानं दोनदा विचारलं, मास्तरांनी दोनदा तेच सांगून सही केली. चोवीस नंबरचे गृहस्थ बाहेर म्हणत होते की हजेरी झाली, मी स्वतः ओ दिली, पण लोकांनी त्यांना गप्प केलं. स्वतःहून कबूल करतोय तर करू दे, असाच बहुतेकांचा सूर होता.

मास्तरांना कोणी देव करू नये. काकूंची दया आली हे खरं, पण तेवढंच नव्हतं. आणखी एक गोष्ट होती आणि ती त्यांनी कोणालाच सांगितली नाही. हजेरी चुकली, हा कामातला दोष. तो कागदावर लिहिता येतो, त्याला शिक्षा असते, शिक्षा भोगली की माणूस निदान मान खाली घालून चालू शकतो. पण आपण ठोकून दिलेल्या एका आकड्यासाठी, आणि वर चारचौघांत केलेल्या एका चेष्टेसाठी, सत्तरीतला माणूस पुन्हा त्या अंधारात गेला, हे कुठल्या कागदावर लिहायचं? मोठा गुन्हा पुढे करून त्यांनी हा लहान गुन्हा झाकला. रात्री डोळे मिटले की मात्र त्यांना हा लहानच दिसायचा.

कंपनीनं त्यांना काढून टाकलं. मालक भेटले नाहीत, पत्र आलं. तिकडच्या कोर्टानं शिक्षा दिली ती आता त्यांना परदेशी गट नेता येणार नाही अशी, आणि ती वायाच गेली, कारण त्यांना आता कोणी बागेतसुद्धा गट न्यायला दिला नसता. मास्तरांचं लग्न झालं नव्हतं. वर्षातले आठ महिने विमानात, कोण मुलगी देणार? थोरल्या बहिणीकडे राहत होते, पाठीमागच्या खोलीत. ताई इस्पितळात परिचारिका होती, निवृत्त झाली तरी तिचा आवाज वॉर्डातलाच राहिला होता.

"अरे, असा भिंतीकडे बघत काय बसतोस? जरा खाली जाऊन ये," ती म्हणायची.

मास्तर खाली जात. जिन्यात भेटतील ती माणसं, बसथांब्यावरची माणसं, दुकानाच्या रांगेतली माणसं मोजत आणि परत येत. मोजल्याशिवाय त्यांना माणसांकडे बघताच येत नव्हतं. एकदा ताईच्या घरी तिच्या जुन्या मैत्रिणी आल्या होत्या. एकजण उठून आत गेली आणि मास्तर एकदम ताडकन उभे राहिले. ताईनं ते पाहिलं. त्या दिवसापासून ती घराबाहेर पडताना "येते रे" म्हणायच्या आधी कुठे जाते आणि किती वाजता येते, ते सांगायला लागली. सबंध आयुष्यात तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं.

आठ महिन्यांनी एका सकाळी दार वाजलं. ताईनं उघडलं. काकू एकट्याच दोन जिने चढून आल्या होत्या आणि दाराच्या चौकटीला धरून धापा टाकत होत्या. ताईनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण कोण ते तिला विचारावं लागलं नाही. तिनं खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि चहा टाकायला आत गेली.

मास्तर उभेच राहिले. काकू बारीक झाल्या होत्या. पर्स तीच होती.

"बसा," काकू म्हणाल्या. जणू घर त्यांचंच होतं. "त्यांचं सामान परवा आलं तिकडून. इतके दिवस पोलिसांकडे होतं. ही वही होती त्यात. माझ्या डोळ्यांना त्यांचं बारीक अक्षर लागत नाही. शेवटचं पान वाचता का?"

मास्तरांनी वही हातात घेतली. कोपरे ओलाव्यानं फुगले होते. घंटाघर, तीनशे अकरा. पुलाखालचा बाक, लांबी नऊ फूट. चौकातलं घड्याळ, प्रत्यक्षात सहा मिनिटं मागे. त्यांना प्रत्येक ओळीवर थांबावंसं वाटत होतं, कारण पुढे काय आहे ते त्यांना कळून चुकलं होतं. शेवटचं पान आलं. आता इथे काहीही वाचून दाखवता आलं असतं. समोरच्या बाईला अक्षर लागत नव्हतं.

मास्तरांनी घसा साफ केला आणि वाचलं. "खाण. शेवटची कोठडी. पुन्हा मोजल्या. चष्मा पुसून मोजल्या. सतराच. मास्तरांना एकटं गाठून सांगणे. चारचौघांत नको, त्यांना वाईट वाटेल."

स्वयंपाकघरात गॅसचा आवाज येत होता. मास्तर वहीवर नजर ठेवून म्हणाले, "मी त्यांना सगळ्यांसमोर चष्मा पुसा म्हटलं, काकू. म्हणून गेले ते. एकोणीस मी ठोकून दिलं होतं. मी कधी मोजल्याच नव्हत्या." आठ महिने तोंडातून न निघालेलं वाक्य निघालं आणि त्यांना हुंदका आवरेना. साठीला आलेला माणूस, नाकाडोळ्यांतून पाणी.

काकूंनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, "पुढे वाचा."

पुढे अंधारात लिहिलेलं होतं. ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, पण पेन्सिल दाबून लिहिलेल्या, वाचता येत होत्या. मास्तरांनी त्या मनात वाचल्या आणि वही मिटली. "पुढचं लागत नाही. अक्षरावर अक्षर आलंय."

"मला पाठ आहे," काकू म्हणाल्या. "नातीनं वाचून दाखवलं. दिवे गेले. हाका मारल्या. बसून आहे. हजेरी झाली की कळेलच त्यांना. येतील." त्यांनी एकेक वाक्य वेगळं म्हटलं. "तुम्ही कुठपर्यंत वाचता, ते बघायला आले होते मी. स्वतःचं होतं ते वाचलंत. माझं होतं तिथे वही मिटलीत."

"काकू, तुम्हाला त्रास..."

"हजेरी झाली होती त्या दिवशी. माझा आवाज मला रोज ऐकू येतो. घरात सगळे तुम्हाला शिव्या घालतात. मुलगा घालतो, सून घालते, आणि मला दूध आणून देतात, पाय चेपून देतात. आणि मी गप्प बसते. आठ महिने मी तुमच्या पाठीमागे लपून बसलेय, मास्तर. कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुमच्या भल्यासाठीच बोललो."

"मीही त्यांच्या भल्यासाठीच ओ देत होते. चाळीस वर्षं. डॉक्टर त्यांना विचारायचे कुठे दुखतं, सांगायची मी. त्यांना भूक नाही, हे मी सांगायची. ते मागे आहेत, हेही मीच सांगितलं. बघितलं नव्हतं मी त्या दिवशी. तुम्ही नंबर घेतलात आणि माझं तोंड आपोआप उघडलं." त्यांनी पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं. "काल मुलाला सांगितलं सगळं. तो माझ्याशी बोलत नाहीये. न बोलू दे. निदान राग माझ्यावर आहे, भलत्याच माणसावर नाही."

मास्तरांनी वही काकूंसमोर धरली, काकूंनी घेतली नाही.

"आता हजेरी घ्या," त्या म्हणाल्या.

"नको हो काकू."

"घ्या म्हणते ना. माझ्या नंबरापासून घ्या."

मास्तरांनी बाहीनं तोंड पुसलं. हात सवयीनं दांडा शोधत होता, तो खुर्चीच्या पाठीवर स्थिरावला.

"बावीस."

"ओ," काकू म्हणाल्या.

"तेवीस."

काकूंनी ओठ घट्ट मिटून घेतले. ताई चहाचे कप घेऊन दाराशी आली होती, ती तिथेच थांबली. मास्तर वाट बघत उभे होते. ओ आल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता. चहा निवून गेला तरी त्यांनी चोवीस म्हटलं नाही.